कर्त्याला विचारतंय कोण!

माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने छत्रीबद्दल एक विधान करून ठेवलं आहे आणि ते जून महिन्यातल्या ठाण्यात अर्धा तासही टिकणार नाही. तो म्हणतो, रस्त्यात पाऊस आला आणि सगळ्यांनी एकदम छत्र्या उघडल्या, तर ती काही सामाजिक कृती नव्हे. जो तो आपलं डोकं वाचवतोय, दुसऱ्याला मनात धरून कोणी काही करत नाही. हे वाचल्यावर वाटलं, वेबरकडे छत्री असेलही, पण रस्त्यात ओळखीचं माणूस भिजताना दिसलंय असा प्रसंग त्याच्यावर आलेला नसावा.

आपल्याकडे छत्री उघडायच्या आधी माणूस डावी-उजवीकडे बघून घेतो. शेजारी ऑफिसातलं कोणी भिजत उभं असेल तर छत्री उघडणं हे आमंत्रण ठरतं. 'या ना आत' म्हणावं लागतं. समोरच्याला 'असू दे, असू दे' म्हणावं लागतं. मग दोघेही एकेक खांदा भिजवत स्टेशनपर्यंत जातात. एकेकटे गेले असते तर निदान एक जण तरी कोरडा पोचला असता. त्यात बरोबरचा माणूस साहेब असेल तर दांडी कोणी धरायची हा प्रश्न येतो. साहेबाने धरली तर आपण शेफारलो, आपण धरली तर लाळघोटे. काखेत छत्री असून कोणी भिजत चालला तर मागचे दोघे लगेच निदान करतात, 'नवी दिसतेय.' आणि एका छत्रीत एक मुलगा आणि एक मुलगी दिसली, तर पाऊस थांबायच्या आत बातमी घरी. या सगळ्यात डोकं वाचवणं हा मुद्दा कुठे आला?

वेबरचं दुसरं उदाहरण सायकलींचं. दोन सायकलवाले एकमेकांवर आदळले तर ती निव्वळ घटना, दरड कोसळते तशातली. पण आदळू नये म्हणून केलेली धडपड आणि आदळल्यानंतरची शिवीगाळ, मारामारी किंवा शांतपणे केलेली चर्चा, ही मात्र सामाजिक कृती. शांतपणे केलेली चर्चा हा पर्याय त्याने खरोखर दिलेला आहे. पुण्याच्या वाचकांनी इथे हवं तर पाणी पिऊन यावं.

थट्टा सोडली तर वेबरचा (1864 ते 1920) मूळ मुद्दा फार मोठा होता. माणसं दगडधोंड्यांसारखी वागत नाहीत, ती काहीएक अर्थ मनात धरून वागतात. म्हणून समाज समजून घ्यायचा तर करणाऱ्याच्या मनातला अर्थ समजून घ्यायला हवा. एवढ्यावर एक आख्खी विद्याशाखा उभी राहिली आणि त्याच्या मृत्यूनंतर छापलेला त्याचा जाडजूड ग्रंथ अजून विद्यार्थ्यांना घाम फोडतो. आमच्या सोसायटीत हेच काम रोज, विनामोबदला आणि पुष्कळ अधिक वेगाने चालतं. फरक एकच. वेबरला कर्त्याच्या मनातला अर्थ हवा असतो. आमच्याकडे अर्थ लावताना कर्त्याला मध्ये घेत नाहीत.

एका रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ डोक्यावर गादी घेऊन जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर ती पाठदुखी होती. डॉक्टरांनी फळीवर झोपायला सांगितलं. पहिल्या मजल्यावर ढेकूण होते, आणि ते कोणाच्या घरातून वर गेले यावर मतभेद होते. गेटपाशी पोचेपर्यंत वॉचमनच्या लक्षात आलं होतं की साहेबांचं घरात पटत नाही. गृहस्थ कापूस पिंजून घ्यायला चालले होते. त्यांना थेट विचारायला काय हरकत होती, असं मी तळमजल्यावरच्या काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "असं कसं विचारणार? बरं दिसतं का ते?" पुढे दिवाळीत त्यांनी आपणहून सांगितलं की गादी पिंजून आणलीय, छान झालीय. काकूंनी ऐकून घेतलं. ते गेल्यावर म्हणाल्या, "ते तसं म्हणतात खरं."

काकूंच्या बाजूने एक सांगायला हवं. सीझर समजायला आपण सीझर असण्याची गरज नाही, हे वेबरलाही मान्य होतं. तो स्वतः भारतात कधीही आला नाही आणि 1916-17च्या सुमारास त्याने हिंदू आणि बौद्ध धर्मांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. एका अर्थी बरंच झालं. आला असता आणि कोणाच्या घरी चहाला गेला असता तर ते पुस्तक कधी संपलं नसतं.

उलट वाट धरली ती आपल्या इरावती कर्व्यांनी. त्या डेक्कन कॉलेजातल्या खुर्चीवरून उठल्या आणि वारकऱ्यांबरोबर पंढरपूरच्या वाटेला लागल्या. बरोबर चालणाऱ्या बायांशी बोलल्या, त्यांच्यात राहिल्या. दिवसभर एका सुरात गाणारी माणसं जेवायच्या वेळी जातीजातीत वेगळी बसतात हे त्यांना खुपलं आणि तसं त्यांनी लिहिलं. महाराष्ट्र म्हणजे काय याचं उत्तरही त्यांना नकाशात नव्हे, वाटेवर सापडलं: ज्या मुलखातली माणसं पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र. करणाऱ्याला विचारायचं तर त्याच्याबरोबर इतकं चालायची तयारी लागते. गॅलरीतून अर्थ लावायला चप्पलसुद्धा घालावी लागत नाही.

आणि गॅलरीत पुरावा पुरतो किती थोडा! पेढ्यांचंच घ्या. पिढ्यान्‌पिढ्या हिशेब सरळ होता, मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, कुठे कुठे जिलबी. खोका उघडायच्या आत बातमी कळायची, आणि त्या कळण्यात केवढी जुनी घाण भरलेली आहे याचा खाताना कोणाला त्रास व्हायचा नाही. आता काही घरं मुलगी झाली तरी मुद्दाम पेढेच वाटतात. मला ते फार आवडतं. पण अर्थ लावणाऱ्यांची त्यामुळे गैरसोय झाली आहे. परवा समोरच्यांकडून पेढे आले, मुलगी झाल्याचे. एका घरात म्हणाले, 'सुधारक आहेत.' दुसऱ्या घरात म्हणाले, 'दाखवतात.' तिसऱ्या घरातल्या आजी पेढा तोंडात घोळवत म्हणाल्या, "बर्फी महाग झाली असेल."

वेबरनंतरच्या मंडळींनी हे शास्त्र दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात नेलं, आणि तिथे माझं त्यांच्याशी खरं जमलं. अर्व्हिंग गॉफमन हा कॅनडात जन्मलेला तरुण 1949च्या अखेरीस स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडमधल्या एका बेटावर जाऊन राहिला. गावकऱ्यांना वाटत होतं, हा शेतीचं अर्थकारण शिकायला आलाय. तो बघत होता हॉटेलचं स्वयंपाकघर. पाहुण्यांसमोर सगळं टापटीप, आणि आत किटलीच्या वाफेवर ओले मोजे वाळत घातलेले, शिळ्या सुपावर बुरशी. स्वयंपाकघर आणि बाहेरचा भाग यांमध्ये एक दार होतं. ट्रे घेऊन ये-जा करणाऱ्या मुलींना ते उघडं हवं असायचं, मालकांना बंद. या दारावरून रोज कुरबुर. गॉफमनने त्यातून सिद्धान्त काढला: माणसाचं सगळं सामाजिक जीवन म्हणजे नाटक, त्याला एक रंगमंच असतो आणि एक पडद्यामागची बाजू असते. 1956 साली एडिनबरोमधून पुस्तक निघालं आणि पुढे ते जगभर गाजलं.

गॉफमनला दार होतं हे लक्षात घ्या. गिरगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत जे नाटक चालायचं त्याला विंगच नव्हती. पाहुणे येऊन कॉटवर बसलेत, चार फुटांवर आई स्टोव्हपाशी आहे आणि डब्यात साखर नाही. आई मोठ्याने म्हणते, "चहा टाकलाय हं, थांबा." मग मुलाकडे बघते. त्या बघण्यात शेजाऱ्यांचं दार, वाटी, वाटी शर्टाखाली लपवायची सूचना आणि उशीर केलास तर काय होईल हे सगळं असतं. मुलगा पाहुण्यांच्या गुडघ्यांना घासून बाहेर जातो आणि पोटाला गोल फुगवटा घेऊन परत येतो. आणि पाहुणा? पाहुणा त्या वेळात भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असतो. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता आहे हे तो इतक्या एकाग्रतेने बघतो की जणू उपास त्याचाच आहे. प्रेक्षकही नाटक सांभाळून घेतात, चूक दिसली तरी बघत नाहीत, हे गॉफमनने लिहिलं आहे. त्या कॅलेंडरवाल्या पाहुण्यांचा पुतळा मात्र अजून कोणी उभारलेला नाही.

आता नव्या फ्लॅटमध्ये 'ओपन किचन' असतं आणि ते दार नसण्याचे जास्तीचे पैसे पडतात. पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत, हॉटेलातून आलेले सामोसे पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरच्या बशीत जातात. भिंतीवर कॅलेंडर नसतं, म्हणून पाहुणे मोबाइलमध्ये बघतात. 'घरी केलेत का?' असं कोणी विचारत नाही. संस्कृती टिकून आहे.

गॉफमनचा समकालीन हॅरॉल्ड गार्फिंकेल हा मात्र जरा खोडकर गृहस्थ. बाप फर्निचरच्या धंद्यात, मुलगा हिशेब शिकलेला, आणि पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक. त्याचं म्हणणं असं की रोजचे नियम इतके अंगवळणी पडलेले असतात की ते दिसतच नाहीत. दिसायला हवे असतील तर मोडून बघा. त्याने विद्यार्थ्यांना एकदा सांगितलं, दुकानात जा आणि ज्या वस्तूंची किंमत ठरलेली असते त्यांचा भाव करा. मुलांचे हातपाय गळाले. काहींनी तर ऐन वेळी माघार घेतली. जी गेली त्यांना शोध लागला की दुकानदार कधी कधी किंमत खरंच कमी करतो! त्यातल्या काहींनी तर पुढेही भाव करत राहायचं ठरवलं. हे वाचून अमेरिकेची मला पहिल्यांदा कीव आली. आमच्याकडे सातवीतली मुलगी हा प्रयोग क्लिपा घेताना आपसूक करते.

तुळशीबागेत नियम मोडायचा तर प्रयोग उलटा करावा लागेल. विक्रेता म्हणाला, अडीचशे. आपण अडीचशे काढून हातावर ठेवायचे. तो आधी नोट उजेडाकडे धरतो. मग आपल्याकडे बघतो. मग पर्सकडे बघतो, आपण विकलं काय याचा अंदाज घेत. "काका, कुठून आलात?" असं हलकेच विचारतो. मागे उभी असलेली बाई ऐकू जाईल अशा बेताने म्हणते, "अशांमुळेच भाव वाढतात." अखेर विक्रेत्यालाच राहवत नाही. "राहू द्या, वीस कमी द्या," असं म्हणून तो दोन दहाच्या नोटा परत करतो आणि बाजार पुन्हा नीट सुरू होतो.

गार्फिंकेलचा सगळ्यात गाजलेला प्रयोग घरातला. पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत आपल्याच घरात भाडेकरू असल्यासारखं वागायचं. अदबीने बोलायचं, घरगुती विषय काढायचे नाहीत, कोणी विचारलं तरच बोलायचं. बहुतेक घरांत हाहाकार उडाला. आजारी आहेस का, कामावरून काढलं का, कोणाशी भांडलास, असे प्रश्न सुटले. नंतर मुलांनी खुलासा केला तेव्हाही घरचे काही हसले नाहीत. एका बहिणीने तर, पुन्हा असले प्रयोग करू नकोस, आम्ही काही उंदीर नाही, असं थंडपणे बजावलं.

मी आमच्या घरी करून पाहिला. रात्री जेवायच्या आधी बायकोला म्हटलं, "मला थोडं पाणी मिळू शकेल का? आणि फ्रीज उघडला तर चालेल ना?"

ती पोळी लाटायची थांबली. "किती घातलेत?" तिने विचारलं.

"कशात?"

"शेअरमध्ये."

जेवण झाल्यावर मी पानावरून उठताना म्हणालो, "आमटी उत्तम झाली होती. मी आपला आभारी आहे." मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबांना काहीतरी मागायचंय." आई आतल्या खोलीतून म्हणाली, "साखर वाढली असेल. परवा आइस्क्रीम खाल्लंन त्याने." मग जरा वेळाने, स्वतःशी बोलल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "याचे वडील असेच गोड बोलायला लागले होते. पुढे महिन्याभरात ते जमिनीचं बाहेर आलं."

ते जमिनीचं काय, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नव्हतं. पण भाडेकरूने घरगुती विषय काढायचे नसतात. मी प्रयोग आवरता घेतला आणि खुलासा केला. "अगं, शास्त्रीय प्रयोग आहे हा. अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाने सांगितलेला."

बायकोने लाटणं खाली ठेवलं. "अमेरिकेतल्या माणसाने सांगितलं म्हणून पैसे घातलेत?"

आता बोला. वेबरच्या हिशेबाने कर्ता मी होतो, मनातला अर्थ माझ्याजवळ होता आणि तो मी तोंडाने सांगत होतो. तरी तो सगळ्यांत कच्चा पुरावा ठरला. दुसऱ्या दिवशी बायकोने पासबुक तपासलं. त्यात काही सापडलं नाही, तेव्हा तिचा संशय पक्का झाला. सापडेल असं कोण ठेवेल?

गार्फिंकेलला हेही ठाऊक होतं. 1967च्या त्याच्या पुस्तकात आणखी एक प्रयोग आहे आणि माझ्या मते तो सगळ्यांचा बाप आहे. दहा विद्यार्थ्यांना सांगितलं, तुमच्या अडचणी सोडवायला एक सल्लागार शेजारच्या खोलीत बसलाय. इंटरकॉमवरून प्रश्न विचारा, मात्र उत्तर हो किंवा नाही एवढंच मिळेल. सल्लागार वगैरे कोणी नव्हता. हो आणि नाही यांचा क्रम आकड्यांच्या तक्त्यावरून आधीच ठरवलेला होता, प्रश्न काहीही असो. एका ज्यू मुलाला परधर्मीय मुलीबद्दल विचारायचं होतं, वडिलांचा सूर जरा नाराजीचा होता. उत्तरं एकमेकांना छेद देत गेली. तरी मुलांना त्यांत संगती सापडली. उत्तर विसंगत आलं तर, त्याला माझी पूर्ण हकिगत कळली नसणार. फारच विसंगत आलं तर, यात काहीतरी खोल आहे.

कोकणात आणि गोव्यात देवळात कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तिथे निदान देव असतो आणि पुजारी असतो, आणि पाकळी पडेपर्यंत माणसाला स्वतःचा प्रश्न नीट बघायला वेळ मिळतो. गार्फिंकेलच्या खोलीत नुसता तक्ता होता आणि तरी काम झालं, हे मला मोठं वाटतं.

माझा एक मावसभाऊ कुठलीही गोष्ट ठरवायच्या आधी चार जणांना फोन करतो. त्याचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत होतो आणि खाली सोसायटीच्या गेटमधून गाड्या येत होत्या. मी ठरवलं, शेवटचा आकडा सम तर हो, विषम तर नाही.

"गावची कलमं विकू का रे?"

"हो."

"लगेच?"

"नाही."

"मग थांबू म्हणतोस?"

रिक्षा आली, विषम. "नाही."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं, आता शिव्या येणार. मग तो सावकाश म्हणाला, "आलं लक्षात. विकतोय असं गावात बोलायचं, कागद मात्र करायचे नाहीत. भावकी काय करते बघायचं. बरोबर ना?" पांढरी मोटार आली, सम. मी हो म्हटलं.

त्याने तसंच केलं. गावात बोलबाला झाल्यावर चुलतभावाने आपणहून चांगली किंमत देऊ केली. त्या दिवसापासून नात्यात माझं नाव झालं आहे. हा फार बोलत नाही, पण बोलतो ते मोजकं, असं म्हणतात. प्रश्न घेऊन फोन येतात. मुंज, जमीन, बदली, कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ. मी एकदोघांना खरा प्रकार सांगून पाहिला. ते हसले आणि म्हणाले, तुझा साधेपणा आहे हा.

काल मावसभावाच्या मेहुणीचा फोन होता. मुलाला इंजिनिअरिंगला घालू की नको. मी गेटकडे बघितलं. भंगारवाला हातगाडी आत ढकलत होता आणि हातगाडीला नंबर नसतो. मी काही बोललो नाही.

"समजलं," ती म्हणाली, "कॉमर्स." आणि तिने फोन ठेवला.